लाल दिवा आणि आषाढ

सीमेवर सेन्सर बसवायचेत म्हणून इलेक्ट्रॉनिक्सकडे येणाऱ्या पोरांना मी आधी विचारतो, कुठली सीमा? आमच्या बेळगावात 'सीमाभाग' म्हटलं की वेगळंच प्रकरण निघतं. तुमच्या मनातली सीमा म्हणजे बांगलादेशाला लागून असलेलं आसामातलं धुब्री. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात तारेचं कुंपण टिकत नाही, म्हणून तिथं २०१९ मध्ये सेन्सरचा पहारा सुरू झाला. पण हे काम शिकायला तिकडं जायला नको, खानापूरचा पाऊस पुरे.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी जांबोटीकडच्या भातशेताच्या बांधावर गव्यांची चाहूल घेणारे चार नोड, म्हणजे सेन्सर, चिप आणि बॅटरी असलेले छोटे डबे, लावले. मे महिन्यात सगळं झक्कास. आषाढात नव्या बॅटऱ्या घातल्या आणि अकराव्या दिवशी चारही गप्प. दोन रात्री मी कोडच उकरत बसलो. नोडचा मेंदू असलेली ईएसपी३२ चिप गाढ झोपेत, म्हणजे काम नसताना, जेमतेम १० मायक्रोअँप खाते, हे वाचून मी निर्धास्त होतो. पण बोर्डावरचा लाल दिवा, व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप कुठं झोपतात? मीटर लावला तर १० मिलिअँप! २५०० मिलिअँप-अवरची बॅटरी दहा दिवसांत चाटूनपुसून साफ, आणि ढगांखालच्या सोलर पॅनेलकडून भर जवळजवळ शून्य. खर्च ०.१ मिलिअँपवर आणला, तर तीच बॅटरी हिशेबाने दोन वर्षांहून जास्त पुरते. तेव्हा मोठं पॅनेल घेण्याआधी मल्टिमीटर घ्या.

बाकीचं शेतात आपोआप कळतं. पीआयआर सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, त्यामुळे भर दुपारी तापलेलं गवत हललं तरी त्याला गवाच आल्यासारखा वाटतो. नोडचा निरोप लांबवर पोचवणाऱ्या लोरा रेडिओला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर परवाना लागत नाही. मात्र ओला ऊस डोक्यावर गेला की सिग्नल गिळतो, अँटेना बांबूवर चढवा. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण १६ अंश कलतं. लडाखची स्वप्नं असतील तर एवढं लक्षात ठेवा, शून्याखाली साधी लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, ती आतून खराब होते.

पुढच्या खेपेला मी चारही बोर्डांवरचे दिवे उपटून टाकले. नोड गणपतीपर्यंत बोलत राहिले. शेतमालक काका मात्र नाराज. "दिवा कशाला काढलास रे? त्याला बघूनच गवे बिचकत होते की!"