गिल्ड वॉर्स 2 फुकटात सुरू केला, आता पहिले विकत काय घ्यायचं?

गिल्ड वॉर्स 2 हा ऑनलाइन गेम लॅपटॉपवर टाकून बसलेल्या पोट्ट्यांचा पहिला प्रश्न एकच असते, भाऊ स्टोअरमध्ये एवढं सारं दिसून रायलं, यातलं घ्यायचं काय आन आधी कोणतं. तर घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगून टाकतो. लेव्हल 80 होत नाही तोपर्यंत एक रुपया लावू नका, मग सेल लागला की हार्ट ऑफ थॉर्न्स आन पाथ ऑफ फायर या दोन एक्स्पान्शनची, म्हणजे मूळ गेमले जोडायच्या नव्या भागांची, जोडी घ्या, बाकीचं सगळं नंतर पाहू. ज्यांना काऊन ते समजून घ्यायचं आहे त्यांनी पुढं वाचा.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा कारण ती नंतर बदलता येत नाही. हा गेम दोन दारांनी येते, एक कंपनीच्या म्हणजे अरीनानेटच्या साइटवरून आन दुसरं स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरून, तिथं तो 2022 च्या ऑगस्टमध्ये आला. स्टीमवरून खातं उघडलं की एक्स्पान्शन स्टीमवरूनच घ्यावी लागतात, आन साइटवर उघडलं तर साइटवरूनच, इकडचं तिकडं होत नाही. आपल्या इकडे मी तर डोळे झाकून स्टीम सांगतो. तिथं भाव रुपयात असते आन युपीआयनं पैसे जातात. साइटवर डॉलरचा कारभार, त्याले इंटरनॅशनल चालणारं कार्ड लागते आन तालुक्याच्या बँकेतलं साधं डेबिट कार्ड तिथं चालंलच असं नाही. कोणी टेलिग्रामवर स्वस्तात की, म्हणजे गेम चालू करायचा कोड, देतो म्हटलं तर त्याच्या नादी लागू नका, चोरीच्या कार्डानं घेतलेली की मागून रद्द होते आन पैसेही जातात.

डाउनलोडचं पण इथंच सांगून टाकतो. डिस्कवर 70-80 जीबी जागा मोकळी ठेवा. रोजच्या दोन जीबी डेटात हे महिनाभरात पण होणार नाही म्हणून नागपूर, अमरावतीले रूम करून राहणारा कोणी भाऊ-बहीण असंल, फायबर असंल, तर त्याच्याकडून फोल्डर हार्डडिस्कवर भरून आणा. जीडब्ल्यू2 डॅट नावाची एकच मोठी फाइल असते, तिच्यातच सारा गेम आहे. फक्त हार्डडिस्क एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेली नको, तिच्यात 4 जीबीच्यावरची फाइल बसत नाही, एनटीएफएस किंवा एक्सफॅट पाहिजे. आन याच्यात आपल्या कामाची गोष्ट अशी का एक्स्पान्शन घेतल्यावर वेगळं मोठं डाउनलोड नसते, माल आधीपासूनच त्या फाइलीत पडून असते, पैसे दिले का खात्यावर कुलूप उघडते एवढंच. म्हणजे नेट मंद आहे म्हणून काही आत्ताच घेऊन ठेवायची गरज नाही.

आता फुकटात काय भेटते ते पाहा, लय भेटते. 2012 ले आलेला अख्खा मूळ गेम 2015 पासून फुकट आहे, लेव्हल 1 ते 80, झायतान नावाच्या ड्रॅगनची मोठी कहाणी, आठ प्रोफेशन म्हणजे लढणाऱ्या कॅरेक्टरचे प्रकार, शिवाय लिव्हिंग वर्ल्ड म्हणजे भागा-भागानं येणाऱ्या कहाणीचा पहिला सीझन. शॅडो बेहेमोथ, टेकाटल, शॅटरर असे वर्ल्ड बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचे मोठे राक्षस, ते पण फुकट आन ते पंधरा-वीस मिनिटात उरकतात. महिन्याची वर्गणी तर कोणालेच नाही, पैसे भरणाऱ्यालेही नाही. फुकट खात्यावर अडचण होते ती वेगळीकडे, ट्रेडिंग पोस्टवर म्हणजे गेममधल्या बाजारात थोडाच माल घेता-विकता येते, दोनच कॅरेक्टर, बॅगा कमी, चॅटवर बंधनं. लेव्हल 60-65 पर्यंत हे काही टोचत नाही. टोचायले लागलं म्हणजे गेम आवडला समजायचं आन 80 झालं का खिशात हात घालायचा. लेव्हल 30 लेच कंटाळा आला असंल तर कोणतंच एक्स्पान्शन तो कंटाळा घालवणार नाही, पैसे वाचले समजा.

एक्स्पान्शनबरोबर लेव्हल 80 चा बूस्ट पण येते. तो पहिल्या कॅरेक्टरवर वापरू नका बरं. एकदम 80 झालेल्या माणसाले स्किलबारवर काय दिसून रायलं ते कळत नाही आन तो दोन दिवसात गेम सोडते.

आता ते जोडीचं. हार्ट ऑफ थॉर्न्स 2015 चं, पाथ ऑफ फायर 2017 चं, दोन्ही आता एकत्रच विकतात, एकाच्या पैशात दोन. पण स्वस्त आहे म्हणून नाही सांगून रायलो मी. माझा हिशोब असा आहे का जी वस्तू खेळताना दर मिनिटाले कामी पडते ती आधी, आन जी एकदा पाहून होते ती मागून. कहाणी एकदा पाहून होते. पण चालणं-फिरणं तर सतत आहे. पाथ ऑफ फायर घेतलं का कहाणीच्या सुरुवातीलेच रॅप्टर भेटते, लांब उडी मारणारं जनावर, आन एका कॅरेक्टरनं काढला की खात्यातल्या बाकीच्या कॅरेक्टरलेही चालते. पुढं डेझर्ट हायलँड्समध्ये स्प्रिंगर, तो उंच उडते, एलॉन रिव्हरलँड्समध्ये स्किमर, तो पाण्यावरून चालते, डेसोलेशनमध्ये जॅकल. मूळ गेममध्ये जिथं पायी जाता जाता जीव जाते तिथं हे सगळं चालते. हार्ट ऑफ थॉर्न्समधून ग्लायडर भेटते, ते पण सगळीकडे. ग्रिफन नावाचं उडणारं जनावर पाहून हुरळून जाऊ नका, त्याले कहाणी संपवून वर 250 सोनं लागते, ते नंतरचं.

दुसरं कारण एलिट स्पेशलायझेशन, म्हणजे त्याच प्रोफेशनची नवी लढायची पद्धत. या जोडीत प्रत्येक प्रोफेशनले दोन-दोन भेटतात, नेक्रोमॅन्सरले रीपर आन स्कर्ज, रेंजरले ड्रुइड आन सोलबीस्ट, असं. एक उघडायले 250 हिरो पॉइंट लागतात आन या नव्या मॅपवरचा एकेक हिरो चॅलेंज, म्हणजे मॅपवर ठिकठिकाणी असलेलं काम, 10 पॉइंट देते. पाथ ऑफ फायरवाले बरेचसे एकट्यानं होतात, हार्ट ऑफ थॉर्न्सवाल्यात काही असे आहेत का चार-पाच जण नसले तर मार खाऊन परत. म्हणून पॉइंट आधी पाथ ऑफ फायरच्या वाळवंटात गोळा करा, हार्ट ऑफ थॉर्न्सच्या जंगलात मागून जा. टॅंगल्ड डेप्थ्स नावाचा मॅप आहे त्या जंगलात, तीन मजली भूलभुलैया आहे निव्वळ, तिथं पहिल्यांदा गेलेला माणूस शिव्याच देते.

लाइनचा विचार पण करा, शहरातले गाइड लिहिणारे हे सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे लाइन जात नाही. हार्ट ऑफ थॉर्न्सच्या मोठ्या मेटा इव्हेंट, म्हणजे मॅपवरच्या सगळ्यांनी मिळून करायच्या लढाया, दर दोन तासांनी फिरून येतात, ऑरिक बेसिनचा ऑक्टोव्हाइन, ड्रॅगन्स स्टँड वगैरे. ड्रॅगन्स स्टँडमध्ये तर शेवटपर्यंत टिकून राहावं लागते, आन मध्येच लाइन गेली, लॅपटॉपची बॅटरी आहे पण राउटर बसला किंवा टॉवरच बंद पडला, तर परत येईपर्यंत तो मॅप भरून गेलेला असते आन तुम्ही दुसऱ्याच रिकाम्या मॅपवर पडता. पावसाळ्यात संध्याकाळी वारं सुटलं असंल तर मी मेटाच्या नादी लागत नाही, पाथ ऑफ फायरमध्ये एकट्यानं कहाणी नाहीतर जनावरांची कामं करत बसतो, कुठंही तुटलं तरी जास्त काही जात नाही. सर्व्हर अमेरिका आन युरोपात आहेत, आशियात आपल्यासाठी नाहीत, तर खातं बनवताना युरोप घ्या, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायचा-यायचा वेळ, त्यातल्या त्यात बरा येते. पण बरा म्हणजे बराच, व्हॅलोरंटसारखा नाही, तिथली सवय असंल तर पहिले दोन दिवस वेगळं लागंल.

जोडी घेऊन झाली, ती खेळून पण झाली, आता दुसरी खरेदी. इथं लोकांचे दोन गट आहेत आन भांडण लय होते. एक म्हणते सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर घ्या, 2023 चं, कारण त्यात स्कायस्केल, उडणारा ड्रॅगन, सुरुवातीच्या कहाणीतच भेटते. दुसरं म्हणते एंड ऑफ ड्रॅगन्स घ्या, 2022 चं, कारण त्यात प्रत्येक प्रोफेशनले तिसरं एलिट स्पेशलायझेशन आहे. काही जण तर स्कायस्केलच सगळ्यात आधी घ्या म्हणतात, जोडीच्याही आधी. मले ते पटत नाही. ऑब्स्क्युअरमध्ये नवीन एलिट स्पेशलायझेशन एकही नाही, म्हणजे उडता येईल पण लढताना तोच जुना माणूस, आन उडायचीच सवय लागली का खालचे मॅप पाहायचे राहून जातात.

दुसऱ्या नंबरचं तुमच्या नेटवर आन सोबत्यांवर ठरवा. एकटे खेळत असाल, नेट येते-जाते, तर ऑब्स्क्युअर. चार मित्र मिळून खेळत असाल तर एंड ऑफ ड्रॅगन्स, त्यात सीज टर्टल आहे, दोघं बसतात, एक चालवते, एक तोफ मारते, लय मजा. मासे पकडणं आन होडी पण त्यातच. पिंग जास्त असणाऱ्यासाठी याच्यात एक मोठी गोष्ट आहे, इंजिनियरचा मेकॅनिस्ट. सोबत रोबो असते, बटणं कमी, दूरून रायफलनं मारायचं, नेट अर्धा सेकंद अडकलं तरी काम होते. नेक्रोमॅन्सरचा रीपर पण असाच सहन करणारा आहे आन तो तर पहिल्या जोडीतच आहे, म्हणून नवख्याले मी नेक्रोमॅन्सरच सांगतो. एलिमेंटलिस्टचा वीव्हर आपल्या नेटवर काढायले गेलात तर बटणं दाबता दाबता मराल.

जान्थिर वाइल्ड्स 2024 चं, त्यात स्वतःचं घर बांधता येते आन सगळ्या प्रोफेशनले जमिनीवर भाला वापरता येते. ज्याले सजावटीचा शौक आहे त्यानं घ्यावं, घाई नाही. व्हिजन्स ऑफ इटर्निटी 2025 च्या ऑक्टोबरचं, नवीन आहे, त्यात परत एकेक एलिट स्पेशलायझेशन आलं, पण नव्या मालावर सूट कमी असते, ते शेवटी.

लिव्हिंग वर्ल्डमध्ये लोक स्वतःचेच पैसे अडकवून बसतात म्हणून हे नीट वाचा. एक्स्पान्शनच्या मधल्या काळातली कहाणी सीझनमध्ये आहे. सीझन 2, 3, 4 आन आइसब्रूड सागा वेगळे घ्यावे लागतात, एक भाग 200 जेम्सले, जेम्स म्हणजे गेमच्या स्टोअरमधलं चलन. सीझन 3 चालवायले हार्ट ऑफ थॉर्न्स लागते, 4 ले पाथ ऑफ फायर. ते नसताना सीझन घेतला म्हणजे बोअर मारायच्या आधी मोटार आणून अंगणात ठेवल्यासारखं. 800 जेम्सले 10 डॉलर पडतात, पण पैसे भरलेल्या खात्यावर गेममधलं सोनं देऊनही जेम्स भेटतात, म्हणून सीझन मी पैशानं घेत नाही, सोनं जमवून एकेक भाग घेतो. रोजची नाहीतर आठवड्याची विझार्ड्स व्हॉल्टची कामं केली तरी हळूहळू जमते. सुरुवात सीझन 3 च्या तिसऱ्या भागानं करा, अ क्रॅक इन द आइस. त्याच्यात बिटरफ्रॉस्ट फ्रंटियर नावाचा मॅप उघडते, तिथं विंटरबेरी तोडायच्या आन त्याच्या बदल्यात असेंडेड म्हणजे वरच्या दर्जाचे दागिने घ्यायचे. एकट्यानं होते, पाच-दहा मिनिटाचं काम असते, पाहिजे तर दोन-तीन कॅरेक्टर फिरवून तोडा. कहाणीचा क्रम थोडा बिघडंल. ज्याले क्रमच पाहिजे, आधी सीझन 2, मग थॉर्न्स, मग 3, मग फायर, मग 4, मग आइसब्रूड, मग ड्रॅगन्स असं, त्यानं एल्डर ड्रॅगन सागाचं बंडल सेलमध्ये पाहावं, त्यात हे सारं एकत्र भेटते. पण तेवढे पैसे एका वेळी घालायचे म्हणजे आधी 80 करून गेम पक्का आवडला पाहिजे.

जेम स्टोअरमधलं बाकी काय घ्यायचं तर थोडंच. बँकेचा एखादा टॅब, एखादा बॅग स्लॉट, वस्तू फोडायचं कॉपर-फेड मशीन, ते 800 जेम्सचं आहे आन रोज कामी येते. ब्लॅक लायन चेस्टच्या चाव्या कधीच नाही, तो मटका आहे. कधीच न तुटणारी कुऱ्हाड-कुदळ दिसायले भारी आन फायदा नावाले.

सेल कधी लागते ते पण पाहून ठेवा. स्टीमचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटी येते, तेव्हा पेरणीचे दिवस, बियाणं-खताले पैसे पुरत नाहीत तिथं गेमसाठी घरी तोंड उघडायची सोय नाही. ऑगस्टच्या शेवटी पोळ्याच्या आसपास गेमचा वाढदिवस असते, 28 ऑगस्ट, तेव्हा एकदा पाहून घ्या. पण आपल्यासाठी बरोबर टाइम म्हणजे डिसेंबरचा सेल, सोयाबीन विकून झालेलं असते, कापसाचे पहिले पैसे हातात आलेले असतात. विशलिस्टमध्ये जोडी टाकून ठेवा, भाव पडला का मेल येते. घेतल्यावर 14 दिवसाच्या आत आन घेतल्यानंतर दोन तासापेक्षा कमी खेळलं असंल तर स्टीम बहुतेक वेळा पैसे परत देते, म्हणून घेतल्या दिवशीच रॅप्टर काढून लॅपटॉपवर कसं चालते ते पाहून घ्या, पंखा लय ओरडत असंल तर ग्राफिक्समध्ये सावल्या आन रिफ्लेक्शन बंद करा, कॅरेक्टर मॉडेल लिमिट सगळ्यात खाली ओढा.