बुरशी दिसली की लगेच फवारणी? या चुका टाळा

पानावर पांढरं काही दिसलं की हाताला लागेल ते बुरशीनाशक मारायचं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आधी पान बघा. वेलवर्गीय पिकात पानावर पिठासारखा थर असेल आणि तो बोटाने पुसला जात असेल, तर ती भुरी. वरून शिरांनी अडवलेले पिवळे, कोनदार डाग आणि सकाळी त्याच जागी पानाखाली करडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा. केवड्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही, कारण तो खऱ्या बुरशीच्या कुळातलाच नाही. १८४५ साली आयर्लंडमधला बटाटा ज्या करप्याने बसला, तोही याच गटातला.

हिरवं झाड एकाएकी मान टाकतं तेव्हाही तसंच. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवा. थोड्या वेळात दुधी धार उतरली, तर हा मर रोग जिवाणूमुळे आहे. मुळाशी ओतलेली बुरशीनाशकाची आळवणी पूर्ण वाया जाणार. धार नाही, पण उभ्या चिरेत तपकिरी रेघा आहेत, तर फ्युजेरियम या बुरशीचा संशय घ्या.

ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीचा गुण आला नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो. ही जिवंत बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांनाच खाते. तिच्यासोबत किंवा पाठोपाठ कार्बेन्डाझिम सोडलं, तर पैसे देऊन आणलेला मित्र आपणच मारतो. कोरड्या, सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत नुसती भुकटी फेकूनही उपयोग नाही. १०० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात १ किलो मिसळा, सावलीत झाकून आठवडाभर ठेवा, मधे एकदा खालीवर करा. हिरवट वाढ दिसली की मुळांजवळ द्या. बियाण्याला रसायन लावायचंच असेल, तर ते आधी. जैविक घटक सर्वांत शेवटी.

मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी उपयुक्त बुरशी. तो मुळांना चिकटेल असाच द्या. कोबी, फ्लॉवर, मोहरीला तो देऊ नका, त्यांच्या मुळांशी त्याचं जमत नाही. स्फुरदाचा भरपूर डोस दिलेल्या शेतातही तो फारसा वाढत नाही.

काढणीनंतरची चूक मात्र जिवावर बेतू शकते. ओलसर भुईमूग किंवा मका साठवला की अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. भाजून, उकळून ते पुरतं जात नाही. हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे गाईम्हशींनाही घालू नका. विषाचा अंश दुधात उतरतो.