तापीच्या गाळातले सूक्ष्मजीवाश्म खरे की आजचेच, हे कसे ओळखावे

खानदेशातली माती धुऊन भिंगाखाली धरली की पहिल्याच चिमटीत जीवाश्मांसारखे बरेच काही दिसते: गुळगुळीत मणी, इवले शिंपले, पीळदार गोळ्या. त्यातले बहुतेक गेल्या पावसाळ्यातले असतात. म्हणून नमुना कुठून आला हे आधी पाहायचे, तो कशाचा बनला आहे हे त्यानंतर, आणि आकार सगळ्यात शेवटी. आकारापासून सुरुवात केली की फसगत ठरलेली.

माती कुठून घ्यावी

काळ्या रानातली माती घेऊ नका. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्यांत गवताचे बी, मेलेले किडे, गोगलगायींचे शंख पडतात आणि पाऊस झाला की भेग मिटून सगळे आत गाडले जाते. त्यामुळे अशा रानात ‘चार फूट खाली सापडले’ हा पुरावाच होत नाही.

तापी, गिरणा किंवा वाघूरच्या काठावर नदीने कापलेली दरड शोधा. तिथे जुन्या गाळाचे थर उघडे दिसतात. बाहेरचा वीतभर भाग खरवडून टाका. मूळ, बीळ किंवा भेग नसलेल्या जागेची माती स्वच्छ पिशवीत घ्या. दरडीच्या माथ्यावरची आजची माती मात्र दुसऱ्या पिशवीत जरूर घ्या; पुढचा अर्धा निवाडा तीच करते. पावसाळ्यात दरडी ढासळतात, तेव्हा तिकडे जाऊच नये. पुरातत्त्वीय जागांनाही हात लावू नका. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. अशा जागी एक खुरपेभर माती हलली तरी कायमची माहिती पुसली जाते.

धुणे

माती सावलीत पूर्ण वाळवा, मग चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजू द्या. वाळलेली चिकणमाती भिजली की आपोआप सुटते. चोळू नका, कवचे फुटतात. 63 मायक्रॉनच्या (भोके मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या भागाएवढी) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा आणि उरलेला चोथा काळ्या ताटलीत वाळवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी ब्रशने घासून घ्या. जाळीत अडकलेला एक दाणासुद्धा दुसऱ्या थरात खोटा पाहुणा म्हणून येतो.

कशाचा बनला आहे

एकसारखे दोन-तीन दाणे असतील तरच परीक्षा करा. एकुलत्या एका दाण्यावर काहीही करू नये.

तापलेली सुई टेकवा. बी किंवा किड्याचे अंडे असेल तर करपते, वास येतो. व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे, म्हणजे कवच असू शकते. पण चुनखडीचा खडाही तसाच फसफसतो. लोहचुंबकाला चिकटणारा गोल मणी बहुधा वेल्डिंगच्या ठिणगीचा असतो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे, त्यामुळे त्या भागात राखेचे काचेरी गोळेही लक्षात ठेवा: अगदी गोल, चकचकीत, अंगावर कसलीही नक्षी नाही. बेसॉल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांतून सुटलेले झिओलाइट या खनिजाचे आणि गारगोटीचे दाणेही असे भुलवतात. सहा बाजू आणि गोलसर टोके असलेला दाणा हा लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा.

आता आकार

पीळदार गोळी हा खरा आनंदाचा नमुना. कारा नावाच्या पाणशेवाळाचे हे फळ साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचे असते आणि त्यावर पाच पट्ट्या डावीकडे वळत जातात. टोकाकडून पाहिल्यावर पाचही पट्ट्या एका जागी मिळालेल्या दिसल्या, तर ते बी नव्हे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळातही ही फळे मिळतात. पण कारा आजच्या तळ्यांतही वाढते. फुटलेल्या फळात तपकिरी, मऊ पापुद्रा असेल तर ते अलीकडचे. आत दगडासारखा गाळ किंवा स्फटिक भरला असेल तर जुने असण्याची शक्यता बरीच.

ऑस्ट्राकोड म्हणजे घेवड्याच्या दाण्याएवढ्या नव्हे, तर त्या आकाराच्या बारीक जोडशिंपल्यांत राहणारे पाण्यातले प्राणी. पारदर्शक कवच, आत वाळलेले पाय किंवा केस दिसले तर प्राणी कालपरवाचा. अपारदर्शक, गाळाने भरलेले कवच जुन्याच्या बाजूने बोलते. काही हजार वर्षांपूर्वीचे कवच मात्र ताजे दिसू शकते. तिथे थरच निर्णय देतो.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात आणखी एक सापळा आहे. केळीच्या पानात वाळूच्याच द्रव्याचे, मधोमध खळगा असलेले सूक्ष्म कण तयार होतात. पान कुजते, कण मातीत राहतात. ते जळत नाहीत, व्हिनेगरला दाद देत नाहीत आणि 400 पट मोठे करून पाहिले की प्राचीन वाटतात. इथे एकच उपाय: माथ्यावरची माती पाहा. तोच कण तिच्यात भरपूर आणि दरडीत एखाददुसरा असेल, तर तो वरून आला असे धरा.

उरलेले दाणे ओल्या बारीक ब्रशने उचलून कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर गाव, नदीचा काठ, माथ्यापासूनची खोली आणि तारीख लिहा. तज्ज्ञांचे मत हवे असेल तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था यांच्याकडे आधी फोटो पाठवून विचारा. फोटोत मोजपट्टी हवी आणि माथ्यावरच्या मातीचाही फोटो सोबत हवा.