सुटे भाग मागवण्याआधी जीपचे दात मोजा

माझ्या हातून उभी राहिलेली पहिली जीप काकांची. १९६८ची महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटची, पेट्रोलवरची. डिचोलीच्या खाणींवर तिनं उमेदीची वर्षं काढली आणि मग काजूच्या बागेतल्या मांगरात ती पडून राहिली. मी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून नुकताच बाहेर पडलो होतो. काका म्हणाले, "जमत असेल तर घेऊन जा." त्यानंतर बऱ्याच जीपगाड्या केल्या. आता माझ्या शेडवर शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "पार्ट कुठं मिळतात?" पार्ट मिळतात. पण आपल्यासमोर नेमकी कुठली गाडी उभी आहे, हे आधी कळायला हवं. मला ते कळायला एक मोसम आणि बरेच पैसे गेले.

जीप ही एक गाडी नाही. महायुद्धातली विलीस एमबी १९४१ ते १९४५ची, तिच्या जाळीला नऊ फटी. नंतरच्या नागरी सीजे गाड्यांना सात. १९५३ला सीजे-३बी आली. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रानं आपल्याकडे १९४७पासून विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी कितीतरी वर्षं बनवली. हा इतिहास पाठ असला तरी पुरत नाही. खाणीवरची गाडी बंद पडून चालायचं नाही. जो भाग हाताला लागला तो बसला आणि गाडी संध्याकाळी पुन्हा चढावर. आरसी बुकात साल एक, पोटात चार सालांचे भाग, असं आपल्याकडे सर्रास दिसतं.

काकांच्या गाडीचे मागचे क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमध्ये शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारे दोन दातेरी गिअर, झिजले होते. उत्तरेतल्या एका शहरातल्या दुकानाला मी फोन करून "जीपचा क्राउन-पिनियन सेट" मागवला. सेट आला, ग्रीस लावलेला, कागदात गुंडाळलेला, देखणा. बसवला. टू-व्हीलवर गाडी छान चालली. मग नदीकाठी नेऊन फोर-व्हील टाकली. वाळूत काही जाणवलं नाही. परत डांबरी रस्त्यावर आलो आणि गाडी कुणीतरी मागून दोर बांधून धरल्यासारखी जड झाली. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचा दांडा निघेना. जोर लावला तसा पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, कडकन तुटला.

कुळ्याचे एक वयस्कर मेस्त्री बघायला आले. दूधसागरला पाण्यातून जाणाऱ्या जीपगाड्यांवर त्यांची हयात गेलेली. त्यांनी गाडीखाली डोकंही घातलं नाही. एवढंच म्हणाले, "पुता, दात मोजलेस?"

मोजले नव्हते. जुन्या एमबीचा क्राउन-पिनियन ३९ आणि ८ दातांचा, म्हणजे ४.८८ रेशो, दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे. सीजेचा ४३ आणि ८चा, म्हणजे ५.३८. आपल्याकडे दोन्ही सापडतात. माझ्या गाडीच्या पुढे ५.३८ होता आणि मागे मी ४.८८ बसवला होता. फोर-व्हीलमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, चाकं मात्र दहा टक्क्यांच्या फरकानं. वाळूत चाक घसरून तो फरक जिरतो. डांबरावर जिरायला जागा नसते, मग सगळ्यात कमजोर भाग तुटतो.

हाउसिंग न खोलताही हे तपासता येतं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. आता इथं जीव सांभाळा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, तो गाडी धरून ठेवत नाही. त्यात मोजताना शाफ्ट फिरायला हवा, म्हणून तो सोडावाच लागतो. तेव्हा बाकीच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. मग चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा (एकच चाक फिरतं, म्हणून डिफरन्शियलमुळे त्याचे दोन फेरे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याइतके) आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८. पाच पूर्ण करून आणखी एक तृतीयांशाच्या पुढे गेला तर ५.३८. पुढच्या ॲक्सललाही हेच करा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

हीच गोष्ट ट्रान्सफर केसची. बाहेरून डबे सारखे दिसतात, पण आतला मधला शाफ्ट वर्षांगणिक जाड होत गेला. आधी पाऊण इंच, मग सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी, मग सव्वा इंच. गिअर, बेअरिंग सगळं त्या जाडीवर अवलंबून. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलानं पहिल्या पगारातून जाडी अचूक मोजणारा व्हर्नियर घ्यावा असा माझा आग्रह असतो. दुसरी खरेदी इंची पान्यांची. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि नटाचे कोपरे खातो. आणि चाकं खोलताना ध्यानात ठेवा, जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पाइप घालून नेहमीच्या दिशेनं जोर लावलात तर स्टड तुटून हातात येतो.

आता पार्ट कुठं मिळतात ते. लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगसाठी मी चोर्ला घाट चढून बेळगावला उद्यमबागेत जातो, नाहीतर कोल्हापूरला उद्यमनगरात. तिथं हातात जुना तुकडा दिला की कारागीर तसाच घडवून देतात. जुन्या भागांसाठी मुंबईत कुर्ला, आणि लांब जायची तयारी असेल तर हरियाणात मंडी डबवाली. पण फोनवर "जीपचा अमुक भाग" असं कधीच मागू नका. दातांची संख्या, व्यास, आटे सांगा आणि आपल्या जुन्या भागाचा फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवा. शक्य असेल तर जुना भाग घेऊन स्वतः जा. जुना तुटका भाग भंगारात द्यायचा नाही, नवा बसून हजार किलोमीटर होईपर्यंत तोच आपला नमुना.

कपाटात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला मूळ कंपनीचा माल मिळाला की अंगावर काटा येतो. माझ्याही येतो. लोखंडी भाग असेल तर जरूर घ्या. रबर मात्र नाही. ब्रेकचे वॉशर, ऑइल सील, होज डब्यात बसूनही म्हातारे होतात. ब्रेकच्या बाबतीत अस्सलपणाचा हट्ट नको, नवंच रबर घाला. गिअरबॉक्सच्या तेलाचंही असंच. जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे. जीएल-५ तेलातली रसायनं जुन्या गिअरबॉक्समधलं पितळ खातात, जीएल-४ घाला.

गोव्यात सगळ्यात मोठी शत्रू हवा आहे. चासीच्या पोकळीत आणि फ्लोअरखालच्या पन्हाळींत तांबडी माती बसते, पावसात ओली राहते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग शाबूत दिसतो. गाडी घेण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चासी ठोकत जा. खणखणीत आवाज कुठं बद्द होतो ते ऐका. उघडा केलेला पत्रा एक रात्रही तसा ठेवू नका, सकाळी त्यावर गंजाची पिवळी साय दिसते. घासला त्याच दिवशी प्रायमर. आणि जून ते सप्टेंबर रंगाचं नाव काढायचं नाही, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. ते चार महिने इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सलसाठी ठेवावेत. कुळ्याच्या फेऱ्याही तेव्हा बंद असतात, मेस्त्रींकडे गाड्या खोललेल्या असतात. जाऊन बसा, बघा, हात काळे करा. मी जे शिकलो त्यातलं निम्मं तिथलं.

कागदांचं थोडक्यात. चासीवरचा ठोकलेला नंबर आरसीशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. पेट्रोलची जीप कुणी डिझेल केली असेल तर तशी नोंद आहे का पाहा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, हे आधी घरात बोलून घ्या. चासी, बॉडी किंवा इंजिन मूळचं बदलायच्या आधी या नियमाचा विचार करा, नंतर उपयोग नाही.

काकांची जीप पुढच्या नोव्हेंबरात रस्त्यावर आली. मागे ५.३८चा सेट बेळगावहून मी स्वतः दात मोजून आणला होता. पाचशे किलोमीटर झाल्यावर हेडचे नट आणि कमानींचे यू-बोल्ट पुन्हा आवळले. कमानींचे चारही बाजूंचे अर्धा-अर्धा फेरा ढिले निघाले. तेही वहीत लिहून ठेवलंय.