'पाहू ना भो' जर्मनीत चालत नाही

दर सप्टेंबरला इथे स्टुटगार्टला जळगाव-धुळ्याकडची दोन-चार नवीन पोरं येतात आणि मी जिथे ठेच खाल्ली तिथेच खातात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सिमकार्ड, बँक, काळा मसाला कुठे मिळतो हे एकमेकांना विचारा, मी फक्त बोलण्याचं सांगतो.

आपल्याकडे भरीत पार्टीला बोलावलं आणि तुम्ही 'पाहू ना भो' म्हटलं की समोरच्याला कळतं, हा काही येत नाही. कोणी मनाला लावून घेत नाही, वांगी काय माणसं मोजून भाजतात का. इथला माणूस चौघांना बोलावतो आणि चारच खुर्च्या मांडतो. 'पाहू' हे त्याला उत्तरच वाटत नाही, तो परत विचारतो, तुम्ही परत तेच म्हणता, मग त्याच्या लेखी तुम्ही बिनभरवशाचे. सरळ नाही म्हणा. राग येत नाही त्यांना, खरंच, मला हे पटायला तीन वर्षं लागली.

ऑफिसातही तसंच, शुक्रवारपर्यंत जमणार नसेल तर सोमवारीच सांगा.

आता घराचं, हे नीट वाचा. पहिलं घर सोडताना मी मालकाला जिन्यात गाठून म्हटलं की बहुतेक पुढच्या महिन्यात जाईन, तो हसून 'आलेस क्लार', म्हणजे ठीक आहे, म्हणाला, मला वाटलं झालं काम. कसलं झालं! भाडेकरूची नोटीस इथे कागदावर लागते, खाली पेनाने सही, ईमेल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर विसराच. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचली तर तो महिना धरून 3 महिने, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मोजायचं. मी नव्या घरात झोपत होतो आणि जुन्याचं भाडं भरत होतो, तेवढ्या पैशात भुसावळच्या दोन चकरा झाल्या असत्या. तारीख लिहा, सही करा, रजिस्टर पोस्टाने पाठवा. 'बहुतेक' हा शब्द घरमालकासमोर तोंडातून काढायचाच नाही. परत सांगतो, कागद, सही, तारीख.

आणि 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नाही. मी एकदा तासभर उशिरा पोचलोय.

आता मोघम कुठे राहायचं. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी सकाळी कळवा, अंदाजे किती दिवस तेही सांगा, 3 दिवसांच्या वर गेलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पण झालंय काय हे बॉसला सांगायची कायद्याने गरज नाही, आणि आपली पोरं जुलाब किती वेळा झाले तेही मेलमध्ये लिहितात. नका लिहू रे.

दुसरं म्हणजे आपलीच मंडळी. गणपतीच्या कार्यक्रमात प्लेट हातात घेतल्या घेतल्या पॅकेज किती, व्हिसाचं काय झालं, सुरू होतं. जर्मन लोकांचा नाही एवढा मला या लोकांचा त्रास झालाय. तिथे 'बठ्ठं बेस शे', म्हणजे सगळं छान आहे, म्हणायचं आणि शेवभाजीचा विषय काढायचा.

आणि त्यांच्याकडे 'पाहू' नाहीच असं समजू नका. त्याच घरमालकाला डिपॉझिट कधी देता विचारलं तर म्हणाला, 'शाउएन वीअर माल', म्हणजे पाहू या. सहा महिन्यांनी आलं.