बंद काय झालं ते विचारा

आजोबांना त्या दिवशी मी एकच औषध दोनदा दिलं. दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या रंगांत, आणि चार्टवर दोन्हींसमोर व्यवस्थित सही करून. चार वर्षं झाली, तरी नव्या घरी पहिल्या दिवशी औषधांचा डबा उघडला की माझ्या पोटात गोळा येतो.

घरी रुग्ण सांभाळायच्या कामाला नवीन लागलेली मुलंमुली विचारतात, औषधांचं आपण नेमकं काय करायचं? बरोबर व्यक्ती, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाच मुद्दे ट्रेनिंगमध्ये तुमच्याकडून घोकून घेतलेले असतातच. माझेही पाठ होते. पाठ असूनही चुकले, म्हणून चुकले तिथलंच जास्त सांगते.

आधी आपली हद्द. आठवण करणं, डबा आणून देणं, झाकण उघडून देणं, लेबल मोठ्याने वाचून दाखवणं, पाणी देणं, गोळी गिळली का ते बघणं, लिहून ठेवणं. इतकं आपलं. मात्रा ठरवणं, सुई टोचणं, नळीतून औषध घालणं, नवीन काही सुरू करणं किंवा जुनं थांबवणं हे आपलं नाही. काही ठिकाणी सिस्टर शिकवून, बघून, लेखी देऊन एखादं काम आपल्याकडे सोपवतात. ते त्या एका रुग्णापुरतं आणि त्या एका औषधापुरतं असतं. ‘मागच्या घरी मी इन्सुलिन द्यायचे’ हे वाक्य नव्या घरात उच्चारूसुद्धा नका.

सगळ्यात फसवं असतं चिठ्ठीवरचं ‘लागेल तेव्हा’. दुखलं तर, झोप नाही आली तर. रुग्ण शुद्धीत आहे, स्वतः मागतोय, चिठ्ठीत लिहिलंय, मागचा डोस कधी झाला ते चार्टवर दिसतंय, तर डबा पुढे करा. पण ज्यांना वार आठवत नाही अशा आजींना आज दुखतंय की नाही हे आपण ठरवायचं नाही. फोन करायचा.

आता माझी गोष्ट. आजोबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, हृदयाचं औषध चालू होतं. दवाखान्यातून घरी येऊन तिसरा दिवस, आणि माझा त्या घरातला पहिला. आधीच्या बाईंनी हँडओव्हर दिला तो असा: “सकाळी एक पांढरी, एक हिरवी, एक लांबुडकी.” मी तो लिहूनही घेतला, शहाणी! कपाटात जुना डबा होता आणि टेबलावर दवाखान्यातून आलेली नव्या गोळ्यांची पिशवी. मी विचारलं नाही असंही नाही. त्यांच्या मुलीला म्हटलं, “ताई, या पिशवीतल्या गोळ्या द्यायच्या ना?” त्या म्हणाल्या, “हो हो, डॉक्टरांनीच दिल्यात.” मग विचारलं, “आणि डब्यातल्या?” “त्या तर त्यांच्या रोजच्याच आहेत.” दोन्ही उत्तरं खरी होती. चुकला तो माझा प्रश्न.

अकराच्या सुमाराला आजोबा चिडचिड करायला लागले. शर्ट घामाने भिजला, मला भलत्याच नावाने हाक मारली. हात थरथरत नव्हते, म्हणून साखर उतरली असेल हे माझ्या चटकन डोक्यात आलं नाही. नंतर कळलं की त्यांचं हृदयाचं औषध म्हणजे मेटोप्रोलॉल होतं. त्या जातीची औषधं घेणाऱ्याला साखर उतरल्यावर थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही. घाम मात्र येतो. हे एवढं एक कोरून ठेवा.

ग्लुकोमीटरवर 48 आले. 70 च्या खाली म्हणजे कमीच, आणि 48 तर फारच कमी. आजोबा जागे होते, गिळू शकत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटं थांबून परत तपासणी, हे आम्हाला शिकवलेलं होतं. 66 आले. पुन्हा साखर, आणि मग 92. मला वाटलं, सुटलो. सिस्टरना फोन केला तर त्या म्हणाल्या, “सुटलात कुठल्या? सकाळी काय काय दिलं ते एकेक नाव वाच.” मी वाचत गेले आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं. मधुमेहाच्या त्या गोळीचा परिणाम तासन्‌तास राहतो, आकडा वर आला तरी परत घसरू शकतो, लगेच दवाखान्यात न्या. ती रात्र आजोबांनी तिथेच काढली. सकाळी ते बरे होते. मी नव्हते. (रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरसुद्धा नाही. सरळ आपत्कालीन मदत बोलवा.)

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पालथ्या ठेवल्या आणि नखाने दाखवलं. ठळक अक्षरातली नावं वेगळी, एक कंपनी इकडची, एक तिकडची. खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन्हींवर तेच: ग्लिमेपिराइड, 2 मि.ग्रॅ. दवाखान्याने साखर उतरवायचं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं होतं. जुनी पट्टी डब्यातून काढा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातून रुग्ण घरी आला की प्रत्येक जण नवीन काय ते सांगतो. बंद काय झालं ते कुणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून ‘या गोळ्या द्यायच्या का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘हो’च येतं. विचारायचं ते असं: “जुन्या यादीतलं काय बंद झालं? कशाच्या जागी काय आलं?” आणि हे घरच्यांना विचारून भागत नाही. त्यांच्या जिवाला आधीच घोर लागलेला असतो, ते चांगुलपणाने ‘दोन्ही द्या’ म्हणतात. सिस्टर किंवा डॉक्टरांकडूनच घ्या, आणि लेखी घ्या.

मी आता काय करते? डिस्चार्ज कार्ड आणि जुनी यादी शेजारी ठेवते. प्रत्येक पट्टी पालथी करून बारीक अक्षरातलं नाव वहीत उतरवते, शेजारी मि.ग्रॅ. एकाच गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही नावं उतरवते, कारण खरी लपाछपी तिथेच चालते. ग्लिमेपिराइडची गोळी वेगळी, आणि ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन (हेही मधुमेहाचंच औषध) अशी जोडगोळी वेगळी. एकच नाव वहीत दोनदा आलं की हात थांबतो. पॅरासिटॅमॉलचंही असंच. तापाची गोळी एक, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी, आणि तिन्हींच्या पोटात पॅरासिटॅमॉल. धडधाकट मोठ्या माणसासाठीसुद्धा 24 तासांत 4000 मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा आहे. वयस्कर किंवा यकृत बिघडलेल्या माणसाला डॉक्टर त्याहून कमी सांगतात.

एक नाव दोनदा सापडलं, मग त्यातली एक मी बाजूला काढू का? नाही. जुनी 1 मि.ग्रॅ. आणि नवीन 2 मि.ग्रॅ. मिळून 3 मि.ग्रॅ. करायची असंही डॉक्टरांच्या मनात असू शकतं. शंकेची गोळी द्यायची नाही, टाकायचीही नाही. तशीच ठेवून लगेच फोन लावायचा. त्यात मूर्ख दिसाल ही भीती असते. दिसा मूर्ख. मी असे कितीतरी फोन केले, बहुतेक वेळा सगळं ठीकच होतं, आणि एकदाही कुणी ओरडलं नाही. एका डॉक्टरांनी उसासा टाकला, तेवढंच.

रंगावर भरवसा नको. औषध तेच राहून कंपनी बदलली की रंग बदलतो, कधी आकारही. आणि पट्टी कात्रीने कापून ठेवायची खोड जिथे तिथे असते. दोन गोळ्यांचा तुकडा उरतो, नाव आणि मुदत गेली कापलेल्या भागाबरोबर. निनावी गोळी मी देत नाही, घरात कितीही वाईटपणा आला तरी.

सात दिवसांच्या खणांचे ते डबे मला आवडत नाहीत, हे माझं वैयक्तिक मत. ज्यांचं डोकं शाबूत आहे आणि जे स्वतः भरतात त्यांना तो उत्तम. पण दुसऱ्याने भरलेल्या खणातल्या पाच गोळ्या समोर आल्या की मी काय देतेय हे मला कसं कळणार? कुणी भरला, कधी भरला हे डब्यावर लिहिलेलं असावं, मूळ पट्ट्या घरात असाव्यात, आणि खणातल्या गोळ्या यादीशी मोजून जुळाव्यात. न जुळल्या तर परत फोन.

माझी पहिली सीनियर फार झपाझप काम करायची. सकाळी तिन्ही वेळच्या गोळ्या वाट्यांत काढून ठेवायची आणि चार्टवर रात्रीपर्यंतच्या सह्या नाश्त्याआधीच उरकायची. मला वाटायचं, काय हुशार बाई! तुम्हालाही अशी कुणीतरी भेटेल, प्रेमाने शिकवेल, आणि नाही म्हणणं जड जाईल. तिच्याकडून चादर बदलायला शिका. औषधांचं त्या सिस्टरकडून शिका, ज्या तुम्हाला एकच लेबल तीनदा वाचायला लावून जीव नकोसा करतात: पट्टी उचलताना, गोळी काढताना, पट्टी परत ठेवताना. सही गोळी गिळून झाल्यावर, आधी नाही. गालात धरून नंतर उशीखाली ठेवणारे आजोबा मी पाहिलेत.

गोळी कुटणं हा दुसरा सोपा वाटणारा रस्ता. गिळत नाहीत, मग पूड करून देऊ. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात. पोटातल्या आम्लापासून वाचवायला लेप दिलेल्या गोळ्याही कुटायच्या नाहीत. गिळता येत नाही हेच कळवा, बहुतेक वेळा पातळ औषध किंवा दुसरा मार्ग निघतो.

बाकीचं भराभर. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर चार तासांनी. हाडांसाठीची अलेन्ड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच असते. कुणी रोज म्हणालं तर न देता फोन, कारण ही चूक जिवावर बेतते. पातळ औषध घरातल्या चमच्याने नाही, मापाने. अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी (पॅच) बदलताना जुनी आधी शोधून काढा, ती हमखास पाठीवर असते, आणि हातमोजे घाला. डोळ्यांत दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं.

रुग्ण नको म्हणाला तर नको. जबरदस्ती नाही, जेवणात लपवून नाही. थोड्या वेळाने एकदा विचारा. तरीही नाही, तर ‘नाकारली’ असं वेळेसकट लिहा आणि कळवा. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायचा नाही.

आणि तुमच्या हातून चूक होईल तेव्हा. होणार नाही असं मी म्हणत नाही. त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसून मी चार्टवरची एक सही खोडायचा विचार केला होता, खरं सांगते. मग लिहिलं ते असं: किती वाजता काय दिलं, किती दिलं, काय दिसलं, आकडे किती, कुणाला किती वाजता कळवलं. ‘चुकून’, ‘बहुधा’, ‘ताई म्हणाल्या म्हणून’ हे शब्द सिस्टरनी काढायला लावले. खाडाखोड झालीच तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही आणि वेळ. माझ्या त्या चार्टवर अशा दोन रेघा आहेत.