इन्सुलिनचे पेन वापरताना या चुका टाळा

शुगर एकाएकी वाढू लागली की ‘हे इन्सुलिन आता लागू पडत नाही’ असे म्हणून डोस वाढवून मागण्याकडे घरच्यांचा कल असतो. औषधावर ठपका ठेवण्यापूर्वी पेन कसे भरले जाते, कुठे ठेवले जाते आणि सुई कुठे टोचली जाते, हे रुग्णाशेजारी बसून एकदा पाहावे, कारण दोष बहुधा तिथेच सापडतो.

पुन्हा पुन्हा वापरायच्या पेनमध्ये ३ मिलिलिटरची कार्ट्रिज (औषध भरलेली छोटी नळी) बसते आणि तिच्यात ३०० युनिट इन्सुलिन असते. एका कंपनीच्या पेनमध्ये दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज दडपून बसवली, तर आकडा फिरतो पण मात्रा बरोबर पडेलच असे नाही. याहून गंभीर चूक म्हणजे पेन अडले म्हणून बाटलीच्या इन्सुलिनसाठीची ४० युनिटची सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून औषध ओढणे. कार्ट्रिजमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट असतात, तर त्या सिरिंजच्या खुणा दर मिलिलिटरला ४० युनिटच्या हिशेबाने असतात; त्यामुळे तसे केल्यास त्याच खुणेपर्यंत अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते आणि शुगर धोकादायकरीत्या खाली येते.

सर्वाधिक टाळाटाळ होते ती थेंब पाहण्याची. सुई लावल्यावर बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही टोपणे काढावीत (आतले पातळ टोपण तसेच ठेवून बटण दाबणारेही आहेत), २ युनिट लावून पेन सुई वर करून धरावे, कार्ट्रिजवर हलके टिचकी मारावी आणि बटण दाबावे. सुईच्या टोकावर थेंब दिसला की मगच डोस लावावा. नवीन कार्ट्रिज घातली असेल तर दांडा रबरी बुचापर्यंत पोहोचायला ही कृती लागोपाठ अनेक वेळा करावी लागते. तरीही थेंब येत नसेल तर सुई बदलावी. नव्या सुईनेही तेच झाले तर पेन बाजूला ठेवून ते दुकानदाराला किंवा डॉक्टरांना दाखवावे. टोचल्यानंतर बटण दाबलेलेच ठेवून दहापर्यंत सावकाश मोजावे, नाहीतर थोडे औषध त्वचेवर ओघळते. आकडा शून्यावर न येता मध्येच थांबला आणि कार्ट्रिज रिकामी दिसली, तर खिडकीत उरलेला आकडा म्हणजेच नव्या कार्ट्रिजमधून घ्यायची राहिलेली मात्रा होय.

सुई पेनला लावूनच ठेवण्याची सवय काटकसरीची वाटते, पण त्यामुळे आत हवा शिरते आणि औषध गळते. दुधाळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत दहा वेळा घोळवून दहा वेळा उलटसुलट करावे; आतला मणी पूर्ण खालीवर फिरला पाहिजे. गुठळ्या दिसल्या तर ती कार्ट्रिज वापरू नये.

न उघडलेल्या कार्ट्रिज फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, मात्र बर्फाच्या कप्प्याला चिकटून नव्हेत. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकून द्यावे. वापरात असलेले पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत औषधासोबतच्या पत्रकात पाहावी. जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात घरातली खोलीसुद्धा तेवढी थंड राहत नाही, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तशा प्रसंगी फ्रीजचाही भरवसा नसतो. अशा वेळी पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात औषध ठेवण्याचा साधा उपाय खरोखर कामाचा आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत मात्र ते कधीही ठेवू नये.

बेंबीपासून दोन बोटे अंतर सोडून पोटावर रोज जागा बदलावी. त्याच त्या जागी टोचून झालेली गाठ दुखत नाही म्हणून आवडीची होते, पण तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. अशी गाठ सोडून निरोगी जागी टोचायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण तोच वाढवलेला डोस आता जास्त ठरून शुगर एकदम उतरू शकते.

नवरा-बायको दोघांनाही इन्सुलिन असले तरी सुई बदलून एकच पेन दोघांनी वापरू नये. रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे जाऊ शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून, झाकण पक्के लावून, दवाखान्यात विचारून द्याव्यात, घंटागाडीत सुट्या टाकू नयेत.